वरून कोथिंबीर

गुरुवार, संध्याकाळचे पावणेसहा. या मुहूर्तावर माझा फोन वाजला की पलीकडे कुठल्या तरी प्रोजेक्टचा मॅनेजर असतो आणि त्याचं पहिलं वाक्य मला पाठ असतं. "सर, उद्या आपलं गो-लाइव्ह आहे. सिक्युरिटीचं तेवढं जरा बघून घ्या ना."

या वाक्याचा सगळा जीव 'तेवढं' या शब्दात आहे. मराठीत 'तेवढं' म्हणून सांगितलेलं काम कधीच तेवढं नसतं. "जाताजाता तेवढं दळण आण" म्हणणाऱ्याला गिरणीवरची रांग पक्की माहीत असते. "आमच्या मुलासाठी तेवढी एखादी मुलगी बघा" यात तर दोन वर्षं जातात आणि एक मैत्री. तसंच हे. चाळीस माणसांनी चौदा महिने राबून जी सिस्टीम उभी केली, ती सुरक्षित करायला माझ्या वाट्याला एक रात्र येते. तीही गुरुवारची, म्हणजे उपासाची.

मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत 'माहिती सुरक्षा' नावाच्या खात्यात आहे. खात्यात आम्ही अडीच माणसं. तिसरा अर्धा दिवस नेटवर्कवाल्यांचा असतो. आमची जागा पँट्रीला लागून आहे, त्यामुळे कंपनीशी आमचा जो काही संबंध येतो तो चहाच्या वेळी. मी उठून एक चक्कर मारली की मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या भराभर निघतात, जसं पुढच्या चौकात पोलीस दिसला की कोपराला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं. मी पुढे गेलो की चिठ्ठी जागेवर, हेल्मेट कोपरावर.

माणसं वाईट नाहीत. सुरक्षेला कोणाचा विरोधही नाही. इतक्या वर्षांत "आम्हाला सुरक्षा नको" म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. सगळ्यांना ती हवी असते, फक्त शेवटी हवी असते. त्यांच्या लेखी ती कोथिंबीर आहे. पोहे झाले, बशीत काढले, आता वरून भुरभुरवा. क्लायंट रत्नागिरीकडचा असेल तर थोडं ओलं खोबरंही.

एकदा होळीच्या दिवशी हे गाऱ्हाणं मी बायकोला सांगत बसलो होतो. ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे पोळी लाटून झाल्यावर तुम्हाला पुरण भरायला बोलावतात?"

"हो."

"मग भरता कसं?"

"वरून लावतो."

"आणि खाणाऱ्याला कळत नाही?"

"पहिला घास घेईपर्यंत नाही."

तिने तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, "तुमच्या कंपनीत कोणी सासू नाही वाटतं."

हे तेव्हा मला टोमणा वाटलं होतं. पुढे लक्षात आलं की यात मोठं शास्त्र आहे. १९७५ साली जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघा अमेरिकनांनी संगणकातली माहिती सांभाळण्यावर एक निबंध लिहिला. त्यातली आठ तत्त्वं आमच्या धंद्यात आजही चालतात. ज्याला ज्या कामापुरता अधिकार लागतो तेवढाच द्यावा, कणभर जास्त नाही. दार मुळात बंदच असावं. उघडायला कारण लागावं, बंद ठेवायला नव्हे. प्रत्येक वेळी, प्रत्येकाला, नव्याने विचारावं की तू कोण आणि तुला काय हवंय. हे वाचताना मला सारखी माझी आजी दिसत होती. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. सुनांना पिठाच्या डब्यापर्यंत अधिकार, तुपाच्या बरणीसाठी अर्ज. नातवंडांना फराळाचे डबे पाहायची परवानगी, उघडायची नाही. आणि एक लाडू कमी भरला तर सकाळपासून माजघरात कोण, किती वाजता आणि कशाच्या निमित्ताने गेलं होतं याचा अख्खा लॉग तिच्या डोक्यात. तिने निबंध तेवढा लिहिला नाही.

खरी गंमत सुरू होते ती पहिल्या दिवशी, ज्या दिवशी मी तिथे नसतो. ग्राहकाला काय काय हवं ते लिहून घ्यायची बैठक असते. त्यातून शंभरेक पानांचा दस्तऐवज निघतो. 'सेव्ह'चं बटण कोणत्या निळ्या रंगाचं असावं यावर तीन पानं. मोठ्या साहेबांना रिपोर्ट आडव्या कागदावर हवा की उभ्या यावर दीड पान. आणि सत्त्याऐंशीव्या पानाच्या तळाशी एक ओळ: 'सिस्टीम सुरक्षित असावी.' स्थळांच्या जाहिरातीत 'मुलगा निर्व्यसनी असावा' लिहितात, तशी. तंबाखू चालेल का? फक्त शनिवारी चालेल का? कोणी विचारत नाही, आणि विचारलं नाही म्हणून कोणी सांगत नाही.

विचारायला गेलं तर प्रश्न साधे असतात. पगाराचे आकडे कोणाकोणाला दिसावेत? पासवर्ड किती वेळा चुकला की खातं बंद करायचं? नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन कोणी आणि कधी काढायचं? दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या ग्राहकाची जन्मतारीख अजून कशाला जपून ठेवलीय, त्याचा वाढदिवस करायचाय का? यांची उत्तरं प्रोग्रॅमरकडे नसतात, ग्राहकाकडे असतात; आणि ग्राहकालाही ती आपल्याकडे आहेत हे विचारेपर्यंत ठाऊक नसतं.

कर्जाची नोंद करणारा आणि ते मंजूर करणारा माणूस एकच असावा का, या प्रश्नाचं उत्तर मात्र बँकांनी आपल्यापुरतं शोधून ठेवलंय. त्याला 'मेकर-चेकर' म्हणतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. एका पतसंस्थेला आम्ही अशी सिस्टीम करून दिली. सहा महिन्यांनी सहज पाहायला गेलो, तर एकच कारकून दोन खुर्च्यांवर आळीपाळीने बसत होता. या खुर्चीवर बसून नोंद करायची, उठायचं, चार पावलं चालून त्या खुर्चीवर बसायचं आणि मंजूर करायची. परत यायचं.

"साहेब देवदर्शनाला गेलेत," तो म्हणाला. "पासवर्ड देऊन गेलेत. म्हणाले, लोकांची कामं अडायला नकोत."

"मग उठता कशाला? इथूनच करा की."

तो माझ्याकडे दयेने पाहत म्हणाला, "नाही सर. नियम आहे. दोन वेगवेगळ्या मशीनवरूनच व्हावं लागतं."

तो नियम मीच घातला होता.

मग येतं कोडिंग. इथे मला वसईच्या आणि गोव्याच्या समस्त डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा मंडळींची माफी मागायची आहे. इंग्रजीत त्यांच्या नावात 'डी'नंतर वरच्या बाजूला एक इवलासा स्वल्पविराम येतो, अपॉस्ट्रॉफी. या एवढ्याशा चिन्हाने आमच्या धंद्याचं जेवढं हसं केलंय तेवढं कोणी केलं नसेल. होतं असं की प्रोग्रॅम डेटाबेसला एक वाक्य सांगतो: 'ज्याचं नाव अमुक आहे त्याची माहिती दे.' त्या 'अमुक'च्या दोन्ही बाजूंना हेच चिन्ह असतं, म्हणजे नाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळावं. आता नावातच ते चिन्ह आलं की डेटाबेसला वाटतं, नाव 'डी'वरच संपलं. पुढचा 'सोझा' हा आपल्याला दिलेला हुकूम आहे अशी समजूत करून घेऊन तो गोंधळतो आणि कोलमडतो. बिचाऱ्या डिसोझांना पडद्यावर उत्तर मिळतं: 'आपलं नाव अवैध आहे.' पाच पिढ्या वसईत राहिलेल्या माणसाला हे वाचायला लागतं.

डिसोझा सज्जन म्हणून नुसतं कोलमडण्यावर भागतं. पण एखादा बदमाश त्याच चिन्हापुढे खरोखरचा हुकूम लिहितो, 'आणि बाकी सगळ्यांचीही माहिती दे', आणि डेटाबेस आज्ञाधारकपणे देतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. हे दुखणं १९९८ साली जाहीरपणे लिहिलं गेलं. उपायही जुनाच आहे: वाक्य वेगळं पाठवा, नाव वेगळं पाठवा, दोन्हींची भेळ करू नका. तरी आजही मला ते महिन्यातून एकदा सापडतं.

नवीन मुलांना हे शिकवताना मी 'ध'चा 'मा' सांगतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा हुकूम निघाला, वाटेत एका अक्षराची दुरुस्ती झाली आणि शनिवारवाड्यात पुढचं सगळं घडलं, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलोय. इतिहासकार तिला कथाच म्हणतात, म्हणोत. पण हाती आलेला मजकूर मुळात जसा निघाला तसाच पोचला आहे का, हे ताडून पाहायची काही सोय त्यात गारद्यांना नाही, आणि आमच्या निम्म्या सिस्टीमनाही नाही. मुलं हे तल्लीन होऊन ऐकतात. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात, त्यात बहुतेकांनी लिहिलेलं असतं, 'इतिहास छान शिकवला.'

डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहून ठेवण्याबद्दल मी फार बोलत नाही. 'किल्ली मीटरच्या पेटीत ठेवलीये' असं तिसऱ्या मजल्यावरून ओरडून सांगण्याइतकी ती गुप्त गोष्ट असते. विचारलं की उत्तर येतं, "टेंपररी आहे, सर." ओळीशेजारी तारीख असते २०१६ची.

टेस्टिंगला लागतो डेटा. खोटा डेटा तयार करायला दोन दिवस लागतात, खरा कॉपी करायला दहा मिनिटं. त्यामुळे माणसं काय करतात ते सांगायला नको. एका विमा क्षेत्रातल्या ग्राहकाच्या कामात आमच्या मुलांनी खऱ्या पॉलिसीधारकांची अख्खी यादी, मोबाइल नंबरांसकट, टेस्टिंगच्या मशीनवर आणून ठेवली होती. संध्याकाळी एका मुलाला एसएमएस जातात का ते पाहायचं होतं. त्याने मजकूर टाइप केला, 'मेसेज मिळाला असेल तर हात वर करा', आणि बटण दाबलं. समोर बसलेले तिघं मित्र हात वर करतील अशी त्याची अपेक्षा होती. मेसेज गेला कित्येक हजार लोकांना. पहिला फोन मिरजेहून आला. निवृत्त हेडमास्तर होते. ते म्हणाले, "हात वर केला आहे. किती वेळ ठेवू?"

त्यानंतर आम्ही मास्किंग सुरू केलं, म्हणजे टेस्टिंगला देण्याआधी खऱ्या माहितीचा चेहरा बदलायचा. नावांच्या जागी बनावट नावं, नंबरांच्या जागी बनावट नंबर. घाईघाईत कोणीतरी सगळ्यांच्या जन्मतारखा १ जून करून टाकल्या. ग्राहकाचे साहेब तपासायला आले, त्यांनी यादीवरून नजर फिरवली आणि भडकले, "हा तर आमचा खराच डेटा आहे!" गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या महाराष्ट्राची जन्मतारीख १ जून करून ठेवलीय, त्याला मास्किंग काय करणार?

बरं, जे कोड आम्ही लिहितो ते तरी आमचं असतं का? तर नाही. आजकाल सॉफ्टवेअर लिहीत नाहीत, विरजण लावून करतात. आपलं दूध असतं, पण त्यात घातलेलं चमचाभर दही शेजारच्या घरचं. त्यांनी ते जोशीकाकूंकडून आणलेलं, जोशीकाकूंनी माहेरून. मूळ दही कोणाच्या घरचं आणि त्या घरी झाकण ठेवतात की नाही, हे कोणालाच माहीत नसतं. रोज घट्ट लागतंय ना, मग झालं.

डिसेंबर २०२१ मध्ये हे जगाला एकदम कळलं. लॉगफोरजे नावाचा एक फुकट मिळणारा तुकडा जगभरच्या असंख्य सिस्टीममध्ये आहे. त्याचं काम फक्त नोंद करायचं, कचेरीतल्या आवक-जावक कारकुनासारखं. आलेलं पत्र रजिस्टरमध्ये उतरवायचं, विषय संपला. पण निघालं असं की हा कारकून पत्र नुसतं उतरवत नव्हता, वाचत होता. आणि पत्रात 'अमक्या पत्त्यावर एक पेटी ठेवलीय, ती आणून उघड' असं लिहिलं असेल तर खरंच जाऊन, पेटी आणून, कचेरीच्या मधोमध उघडत होता. इतका कामसू कारकून कोणत्याही सरकारी कचेरीत कधी झाला नसेल. त्या शनिवार-रविवारी एकच प्रश्न सगळीकडून येत होता: "आपल्याकडे लॉगफोरजे आहे का?" कोणालाच माहीत नव्हतं. एका टीम लीडने ठामपणे उत्तर पाठवलं, "आमच्याकडे अशा नावाचा कोणी काम करत नाही." तो बारा ठिकाणी सापडला.

त्यातला दुसरा भाग अधिक काळजीचा आहे. हे फुकटचे तुकडे सांभाळणारी माणसं बहुतेकदा आपली नोकरी सांभाळून, रात्री जागून ते करतात. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या अशाच एका तुकड्यात मागचं दार बसवलेलं सापडलं. कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदतनीस म्हणून गोडीगुलाबीने वागून, मूळ मालकाचा विश्वास संपादून, मग ते हळूच बसवलं होतं. सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला, आणि कशावरून, तर त्याच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! त्याला चैन पडेना म्हणून तो खणत गेला. आपल्याकडे कराचा फॉर्म भरताना गोल चाक अर्धा तास फिरतं आणि आपण शांतपणे भाजी निवडून घेतो. हे दार आपल्याकडे बसवलं असतं तर तीन पिढ्या कळलं नसतं.

असो, गुरुवारची रात्र. मी चहा आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन बसतो. नऊ वाजेपर्यंत माझ्या नावाने उघडलेलं खातं पाहत असतो. पत्त्याच्या पट्टीत शेवटी एक नंबर दिसतो, समजा १०४२. मी तिथे १०४३ टाकतो. दुसऱ्याच गृहस्थांचं घर, पगार, कर्ज, बायकोचं नाव, सगळं समोर येतं. १०४४ टाकतो, त्यांच्या सासूबाई. लॉगिनच्या दाराशी पासवर्ड, ओटीपी, वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा, सगळा बंदोबस्त; आणि एकदा आत गेलं की कोणीही कोणाच्याही खोलीत. मुळात कामाच्या आराखड्यातच 'हा माणूस ही खोली उघडू शकतो का' असा प्रश्न कोणी लिहिला नाही, म्हणून कोडमध्ये तो नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये नाही. आता तो घालायचा तर एकशे साठ पडदे उघडून प्रत्येकात घालायचा.

मी मॅनेजरला फोन करतो. तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "फार महत्त्वाचा मुद्दा आहे, सर. हे आपण फेज टूमध्ये घेऊ."

फेज टू हे आमच्या धंद्यातलं वैकुंठ आहे. सगळे पुण्यवान मुद्दे तिथे जातात. परत आलेला कोणी पाहिलेला नाही.

अशा रात्री मला रायगड आठवतो. हिरोजी इंदुलकरांनी तो बांधला. महादरवाजा दोन भक्कम बुरुजांच्या मागे असा वळणात घेतला आहे की खालून येणाऱ्याला दार दिसतच नाही, आणि दिसलं तरी हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ वाट नाही. हे काही १६७४ साली राज्याभिषेकाच्या आदल्या संध्याकाळी कोणाला तरी बोलावून "दरवाज्याचं तेवढं बघून घ्या" सांगून झालेलं नाही. बुरूज फेज टूमध्ये घेऊ, असं महाराजांपुढे उभं राहून म्हणण्याची कोणाची छाती झाली असती असंही वाटत नाही.

आणि तरीही, एक कडा राहून गेला होता. हिरकणीची कथा आपल्याला तोंडपाठ असते. ती आईच्या प्रेमाची आहे हे खरंच आहे. पण माझ्या धंद्यातल्या माणसाने ती वाचली की त्याला दुसरंच दिसतं. दरवाजे वेळेवर बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियम पाळला, कागदोपत्री सगळं चोख. आणि एक गवळण तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्रीच्या अंधारात कड्यावरून उतरून घरी गेली. म्हणजे जिथून माणूस जाऊच शकत नाही असं सगळे धरून चालले होते, तिथून वाट होती. मग महाराजांनी काय केलं? कथा सांगते, तिला बोलावून तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. दोन्ही केलं, आणि लगेच केलं. आज जगातल्या मोठ्या कंपन्या चूक दाखवणाऱ्याला बक्षीस देतात, त्याला 'बग बाउंटी' म्हणतात आणि फार आधुनिक कल्पना समजतात. बाकीच्या कंपन्यांत अजून वेगळी रीत आहे. हिरकणीला वकिलाची नोटीस जाते, कड्यावर 'येथून उतरण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लागते आणि बुरुजाचं टेंडर निघत नाही.

शुक्रवारी पेढे वाटून सिस्टीम सुरू होते. चाळीस माणसं दुसऱ्या प्रोजेक्टवर जातात आणि एक मुलगा देखभालीला राहतो. नव्या बांधकामाला पैसे मिळतात, देखभालीला मिळत नाहीत. आमच्या सोसायटीत हेच आहे. प्रवेशद्वाराच्या ग्रॅनाइटसाठी एका सभेत वर्गणी जमली. गच्चीच्या गळतीचा विषय गेले चार पावसाळे 'पुढील सभेत' आहे.

आमच्या सर्व्हर रूममध्ये कोपऱ्यात एक जुनी मशीन आहे. तिच्यावर कोणी तरी मार्करने लिहून ठेवलंय, 'बंद करू नये'. ती काय करते हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेला. तिचं सॉफ्टवेअर इतकं जुनं आहे की ज्या कंपनीने ते केलं तीही आता त्याची विचारपूस करत नाही. अपडेट करू या म्हटलं की सगळे एका सुरात म्हणतात, "चालतंय ना? मग हात लावू नका." हात लागतो तो फक्त खंडेनवमीला. तिला हळद-कुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात, समोर उदबत्ती लावतात. पंख्याच्या जाळीत पाकळ्या अडकतात, तेवढा आवाज आठ दिवस बदलतो. संरक्षणाची म्हणून जी काही व्यवस्था आहे ती एवढीच, आणि आजवर ती पुरी पडली आहे हे मलाही कबूल केलं पाहिजे.

सगळ्यांच्या मशीनवर देवाची अशी कृपा नसते. २०१७च्या मार्चमध्ये अपाचे स्ट्रट्स नावाच्या एका तुकड्यातलं भोक जाहीर झालं, ठिगळही त्याच वेळी मिळालं. अमेरिकेत लोकांची पत किती याचा हिशोब ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीत ते एका ठिकाणी लावायचं राहिलं. मे महिन्यात चोर त्याच भोकातून शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती उघडी पडली. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये लपून तो सुटला, आणि ज्या फटींतून तो मशीनमागून मशीन घेत गेला त्यातल्या एकीचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा त्यात आडवी झाली आणि इकडे उरणजवळ न्हावा-शेवाला त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. कुठे कीव्ह, कुठे उरण! भूगोलात मी हे दोन शब्द एका वाक्यात कधी वाचले नव्हते.

उलट उदाहरणही आहे, नाही असं नाही. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या माणसांना लांबलचक पत्र लिहिलं की यापुढे नवी सोय आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. मग विंडोजचं नवं काम थांबवून हजारो डेव्हलपर सुरक्षेच्या शाळेत बसवले. हे पत्र मी आमच्या साहेबांना वाचून दाखवलं. ते प्रभावित झाले. म्हणाले, "शनिवारी घेऊ या का शाळा? अर्धा दिवस. ऐच्छिक."

साहेबांना सुरक्षेपेक्षा प्रमाणपत्राची जास्त ओढ आहे. आयएसओ २७००१ या मानकाच्या २०१३च्या आवृत्तीत ११४ नियंत्रणं होती आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण सिस्टीम घेणं, बनवणं आणि सांभाळणं यावरच होतं. २०२२च्या आवृत्तीत ती ९३ झाली. बातमी पसरली, "एकवीस कामं कमी झाली!" कोणीतरी सामोसे मागवले. सामोसे संपल्यावर मी सांगितलं की कमी काही झालेलं नाही, जुनी एकत्र केली आहेत आणि वर अकरा नवी घातली आहेत. त्यानंतर पँट्रीत माझ्याशी चार दिवस कोणी बोललं नाही.

मागच्या महिन्यात मात्र अघटित घडलं. एका नव्या प्रोजेक्टच्या अगदी पहिल्या बैठकीचं आमंत्रण मला आलं. तारीख सोमवारची, वेळ सकाळची. मी दोनदा वाचलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आत गेल्यावर सगळे उठून उभे राहिले. काहीतरी गंभीर घडलंय अशी त्यांची समजूत झाली होती. मी म्हटलं, काही नाही, बसा, मला बोलावलंय. मॅनेजरने माझ्याकडे आणि मग आपल्या लॅपटॉपकडे पाहिलं.

फळ्यावर माहितीची यादी होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक, वडिलांचं नाव, रक्तगट. मी एकच प्रश्न विचारला, "आधार क्रमांक कशाला हवाय?"

डेव्हलपरने डिझायनरकडे पाहिलं, डिझायनरने अॅनालिस्टकडे, अॅनालिस्टने ग्राहकाकडून आलेल्या बाईंकडे. बाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुम्हाला लागतो." वीस मिनिटं चर्चा झाली. आधार क्रमांक फळ्यावरून पुसला गेला. मग रक्तगट गेला. मग वडिलांचं नावही कोणाला लागत नाही असं निघालं. कोण काय पाहू शकेल याचा एक छोटा तक्ता झाला, पेन्सिलने, अर्ध्या कागदावर. खर्च शून्य. माझ्या नोकरीतल्या सगळ्या गुरुवारच्या रात्री मिळून जेवढं झालं नाही तेवढं त्या पाऊण तासात झालं, आणि चहाही गरम होता.

बाहेर पडताना मी मॅनेजरचे आभार मानले. तो चांगला मुलगा आहे, ओशाळून म्हणाला, "सर, खरं सांगू का? आपल्या मार्केटिंगमध्ये तुमच्याच नावाचे एक जण आहेत. मी पहिली तीन अक्षरं टाइप केली आणि मेलने आपोआप तुमचं नाव घातलं."

मंगळवारच्या बैठकीचं आमंत्रण मला आलं नाही. त्याने दुरुस्ती केली होती.